अवघड तासाच्या आधी धावणे : स्वमग्न मुलांचा व्यायाम आणि वर्गातील वागणूक

शाळेत जे मूल जागेवर बसत नाही, त्याचा पी.टी.चा तास सर्वांत आधी जातो. गणित अपुरे राहिले, वहीचे पान फाडले, शेजारच्या मुलाला ढकलले, की "आज तू मैदानावर जायचं नाहीस" हे वाक्य ठरलेले असते. ठाण्यातल्या एखाद्या शाळेच्या फाटकाशी दुपारी साडेबाराला, सकाळचे सत्र सुटताना, पुढील बोलणे कानावर पडले नसेल असे स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांचे पालक थोडेच असतील.

"बाई, आज पी.टी. होती ना? याचा शर्ट तर कोरडाच आहे."

"अहो ताई, आज पहिल्या तासापासून सारखा उठत होता. म्हणून पी.टी.ला वर्गातच बसवून ठेवलं."

"मग नंतर बसला का?"

"नंतर तर जास्तच."

बाईंचा हेतू वाईट नसतो. भरलेल्या वर्गात एक मूल सतत उठत असेल, तर काहीतरी करणे त्यांना भागच असते, आणि वर्षानुवर्षे चालत आलेला उपाय हाताशी असतो. तरीही त्यांचे शेवटचे उत्तर लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. ज्या मुलाला बसणे जमत नाही, त्याची हालचालीची संधीच काढून घेतली, तर त्याचा पुढचा तास आणखी अवघड होतो. हीच संधी अवघड तासाच्या आधी, ठरवून आणि रोज दिली, तर पुष्कळ स्वमग्न मुलांना तो तास सोपा जातो. गेल्या चाळीस वर्षांतील संशोधन बहुतांशी याच बाजूने बोलते. त्याचा अर्थ काय, मर्यादा कोणत्या आणि ठाणे-नवी मुंबईसारख्या दाटीच्या शहरांतील शाळांत ते कसे उतरवायचे, हे येथे क्रमाने पाहू.

वर्गात नेमके काय घडत असते

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणाची स्थिती आहे. इतरांशी संवाद साधण्याची पद्धत वेगळी असणे, काही कृती पुन्हा पुन्हा करणे, ठरलेल्या क्रमात बदल झाला की अस्वस्थ होणे आणि आवाज, उजेड, स्पर्श, वास यांना फार तीव्र किंवा फार मंद प्रतिसाद देणे, ही तिची ओळखीची लक्षणे आहेत. प्रत्येक मुलात त्यांचे मिश्रण वेगळे असते. एक मूल अस्खलित बोलते पण पंख्याच्या घरघरीने हैराण होते, तर दुसरे अजिबात बोलत नाही पण चित्रांचा क्रम एका नजरेत लक्षात ठेवते.

वर्गात बाईंना जे दिसते त्याचे ढोबळमानाने दोन भाग पाडता येतात. पहिल्या भागात हात फडफडवणे, पुढे-मागे डोलणे, बोटे डोळ्यांसमोर नाचवणे, एकच आवाज काढत राहणे अशा पुनरावर्ती कृती येतात, ज्यांना पालक आणि थेरपिस्ट आता सर्रास स्टिमिंग म्हणतात. दुसऱ्या भागात जागेवरून उठणे, वर्गाबाहेर धावत जाणे, काम अर्धवट टाकणे, ढकलणे, चावणे, स्वतःलाच मारून घेणे, जमिनीवर लोळण घेणे हे येते. हे दोन भाग वेगळे ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. प्रौढ वयातल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी स्पष्टपणे सांगितले आहे की हात फडफडवणे किंवा डोलणे हा त्यांचा स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो आणि तो जबरदस्तीने बंद केला, तर आतला ताण वाढतो. ज्या कृतीने मुलाला किंवा इतरांना इजा होत नाही आणि शिकणे अडत नाही, ती केवळ विचित्र दिसते म्हणून थांबवण्याचे कारण नाही, असे माझे ठाम मत आहे. व्यायामाचे प्रयोजन मुलाला इतरांसारखे दिसायला लावणे हे नसावे. मुलाला शिकण्यासाठी मोकळे आणि शांत वाटावे, एवढेच ते असावे. पुढील अभ्यासांकडेही याच नजरेने पाहायला हवे, कारण जुन्या संशोधकांनी "स्टिमिंग किती टक्क्यांनी घटले" हेच यशाचे माप मानले होते आणि आजचे माप त्याहून व्यापक आहे.

अभ्यास काय सांगतात

या विषयावरील सर्वांत परिचित प्रयोग अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाले. लिन कर्न, रॉबर्ट कोगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वमग्न मुलांना अभ्यासाच्या आधी काही मिनिटे जॉगिंग करायला लावले आणि नंतरच्या वेळात त्यांचे निरीक्षण केले. पुनरावर्ती कृती कमी झाल्या, तसेच प्रश्नांची योग्य उत्तरे देणे आणि खेळण्यांशी नीट खेळणे वाढले. १९८४ मध्ये याच गटाने एक अधिक नेमका प्रश्न विचारला : कोणतीही हालचाल चालते, की दम लागेल अशीच लागते? त्यांनी एके दिवशी मुलांना १५ मिनिटे संथपणे चेंडू खेळायला दिला आणि दुसऱ्या दिवशी १५ मिनिटे सलग जॉगिंग करायला लावले. चेंडूच्या संथ खेळानंतर जवळजवळ काहीच बदलले नाही. जॉगिंगनंतर मात्र पुनरावर्ती कृती घटल्या.

हा फरक शाळांनी मनावर घ्यावा असा आहे. आपल्याकडे पी.टी.चा तास म्हणजे अनेकदा रांगेत उभे राहणे, हात वर-खाली करणे आणि आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे असते. चाळीस मिनिटांच्या तासात एका मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष धावणे दोन-तीन मिनिटेच येते. असा तास "मिळाला" म्हणून परिणाम दिसला नाही, तर दोष व्यायामाचा नसतो.

परिणाम किती वेळ टिकतो, हा पुढचा प्रश्न. १९९३ मधील एका छोट्या अभ्यासात चालणे आणि जॉगिंग यांची तुलना केली तेव्हा जोरकस व्यायामानंतर लगेच फरक दिसला, परंतु दीड तासाने मुले पुन्हा मूळ पातळीवर आली होती. १९९७ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलावर केलेल्या निरीक्षणात जॉगिंगनंतर जागेवरून उठणे आणि शारीरिक स्टिमिंग सुमारे ४० मिनिटे कमी राहिले, मात्र डोळ्यांशी निगडित पुनरावर्ती कृतींवर परिणाम झाला नाही. म्हणजे सकाळी सातला घरून धावून आलेल्या मुलाला साडेदहाच्या गणितात त्याचा लाभ मिळेल अशी आशा धरता येत नाही. धावणे आणि अवघड तास यांच्यातील अंतर जितके कमी, तितके चांगले.

२०११ मधील एका अमेरिकी अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या ९ स्वमग्न मुलांना वर्गातील कामाच्या आधी १५ मिनिटे धावायला लावले गेले. ९ पैकी ७ मुलांची बरोबर उत्तरे वाढली. परंतु जागेवर टिकून काम करणे आणि स्टिमिंग यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही विसंगती लपवण्यासारखी नाही. उलट तिच्यातून कळते की मूल हात हलवत असतानाही अधिक चांगले शिकत असू शकते. बाईंनी फक्त हाताकडे पाहिले, तर ही सुधारणा नजरेतून निसटेल.

इराणमधील २०१२ चा अभ्यास वेगळ्या वाटेचा आहे. तेथे मुलांना १४ आठवडे कराटेतील काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा ठरलेला क्रम, शिकवण्यात आला. त्यांच्या पुनरावर्ती कृती बऱ्याच कमी झाल्या आणि सराव थांबल्यानंतर महिनाभराने पाहिले तेव्हाही तो परिणाम टिकून होता. २०१८ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी आणखी एक बारकावा तपासला. ज्या मुलांना हात फडफडवण्याची सवय होती, त्यांना हातांनी चेंडू टपटपवण्याचा व्यायाम दिल्यावर ते फडफडवणे घटले, जॉगिंगने मात्र घटले नाही. शरीराचा जो भाग हालचाल मागतो, त्याच भागाला ती मिळावी, असा त्याचा साधा अर्थ लावता येतो.

सर्वांत मोठा आणि नीट आखलेला अभ्यास २०१७ मध्ये पीडियाट्रिक्स या नियतकालिकात आला. बॉस्टनमधील एका विशेष शाळेत ७ ते १६ वर्षांच्या १०३ मुलांवर तो झाला. त्यांत स्वमग्नता, एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता), चिंता आणि मनःस्थितीचे विकार असलेली मुले होती. त्यांना आठवड्यातून दोनदा, पडद्यावर रस्ता दिसणारी स्थिर सायकल ३० ते ४० मिनिटे चालवायला दिली. सायकलच्या काळात मुलांचा स्वतःवरचा ताबा सुटण्याची आणि त्यांना वर्गाबाहेर काढावे लागण्याची शक्यता ३२ ते ५१ टक्क्यांनी कमी आढळली. सायकलच्या दिवशी परिणाम अधिक होता, पण इतर दिवशीही थोडा उरला होता. या अभ्यासाचे मला विशेष मोल वाटते, कारण त्यात मोजलेली गोष्ट मुलाच्या खऱ्या जगण्यातली आहे : मूल वर्गात राहिले की बाहेर काढले गेले.

मर्यादाही तेवढ्याच खऱ्या आहेत. २०१० मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा १८ अभ्यासांत मिळून केवळ ६४ व्यक्ती होत्या. त्यानंतर संख्या वाढली, तरी बहुतेक गट लहान आहेत आणि त्यांत मुलगे अधिक, मुली थोड्या आहेत. शिवाय निरीक्षकाला मूल धावून आले आहे हे बहुधा ठाऊक असते, त्यामुळे नोंदीत नकळत झुकते माप पडू शकते. एवढे असूनही अमेरिकेतील तज्ज्ञगटांनी पुराव्याची छाननी करून २०१४ आणि २०२० या दोन्ही अहवालांत स्वमग्न मुलांसाठीच्या पुराव्याधारित पद्धतींच्या यादीत व्यायामाला जागा दिली आहे. व्यायामाने स्वमग्नता "बरी" होत नाही. तसे कोणी सांगत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

परिणाम का होत असावा

"मूल दमते, म्हणून गप्प बसते" हा पहिला समज सोडून द्यायला हवा. केवळ थकव्याने हात थांबले असते, तर उत्तरेही मंदावली असती. प्रत्यक्षात अनेक अभ्यासांत उत्तरे सुधारली. दमून पेंगणारे मूल आणि ताजेतवाने होऊन बसलेले मूल यांतला फरक कोणत्याही आईला चेहऱ्यावरून कळतो. अधिक पटणारी स्पष्टीकरणे अशी आहेत. जोरकस हालचालीने हृदयाची गती आणि मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, सावधपणा आणि लक्ष यांच्याशी संबंधित डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने वाढतात, आणि त्यामुळे एखादी उर्मी रोखून हातातले काम पुढे नेण्याची क्षमता काही काळ सुधारते. दुसरे असे की धावताना, उडी मारताना, ढकलताना स्नायू आणि सांधे यांतून मेंदूला शरीराच्या स्थितीची भरपूर माहिती मिळते. जी माहिती मूल एरवी डोलून किंवा हात फडफडवून मिळवत असते, ती त्याला आधीच मिळालेली असते. तिसरा मार्ग झोपेतून जातो. अर्ध्याहून अधिक स्वमग्न मुलांना झोपेच्या तक्रारी असतात आणि नियमित व्यायामाने झोप सुधारल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. नीट झोपलेल्या मुलाची सकाळ वेगळीच असते, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

शिक्षा म्हणून धावायला लावणे हा वेगळाच प्रकार आहे

येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण "व्यायामाने वागणूक सुधारते" हे वाक्य अर्धवट ऐकले गेले, तर त्याचा अनर्थ होतो. "मैदानाला दहा फेऱ्या मार" ही आपल्या शाळांतील जुनी शिक्षा आहे. परदेशातही १९८० च्या सुमारास वर्तनोपचारात, मुलाने मारले किंवा अपशब्द काढला की लगेच उठाबशा काढायला लावण्याची पद्धत वापरली गेली होती. त्यात व्यायाम वागणुकीनंतर येतो आणि दंड म्हणून येतो. आपण ज्या पद्धतीविषयी बोलत आहोत, तिच्यात व्यायाम वागणुकीच्या आधी येतो आणि मूल कसे वागले याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. त्याखेरीज, धावणे एकदा शिक्षेशी जोडले गेले, की मूल धावण्याचाच तिटकारा करू लागते आणि हाताशी असलेला उपाय आपणच घालवून बसतो.

याच्या उलट टोकाची चूकही सहज घडते. मुलाने बाक वाजवायला सुरुवात केली की मदतनीस मावशी त्याला "चल, जरा फिरून येऊ" म्हणून बाहेर नेतात. दोन-तीनदा असे झाले, की बाक वाजवले म्हणजे गणितातून सुटका होते, हे मूल शिकते. म्हणून धावणे घड्याळाला बांधावे. साडेनऊला धावायचे म्हणजे साडेनऊला, मूल शांत असो वा चिडलेले.

शाळेच्या दिवसात हे बसवायचे कुठे

परिपाठ ही पहिली जागा. सकाळी मैदानात किंवा गच्चीवर ओळीत उभे राहायचे, ध्वनिक्षेपकावर प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या ऐकायच्या, आणि हे सारे स्थिर उभे राहून. अनेक स्वमग्न मुलांसाठी दिवसातला हा सर्वांत कठीण अर्धा तास असतो, आणि तेथेच ताण एवढा साचतो की पहिला तास सुरू होण्याआधीच मूल हातचे गेलेले असते. राष्ट्रगीताला मूल जरूर सोबत असावे, पण उरलेल्या वेळात त्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शॅडो टीचरसोबत, म्हणजे वर्गात त्याच्या मदतीला असणाऱ्या शिक्षिकेसोबत, धावले, तर परिपाठाचे काहीच बिघडत नाही. मुख्याध्यापकांना हे एकदा पटले, की वेगळा वेळ शोधावा लागत नाही. दुसरी जागा म्हणजे मधल्या सुट्टीची शेवटची दहा-बारा मिनिटे, कारण सुट्टीनंतरचा तास बहुतेक शाळांत अवघडच जातो. मात्र डबा आधी, मग थोडी उसंत आणि मग धावणे, एवढा क्रम पाळावा.

जागेचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. नौपाडा, कळवा, कोपरखैरणे येथील कित्येक शाळांना नावापुरते अंगण असते. त्यात शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात त्या ऐन पावसात आणि सप्टेंबरपर्यंत मैदानाचा चिखल वाळत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की सुरुवात छपराखालीच करावी. जूनमध्ये मैदानावर लावलेली घडी पहिल्या मुसळधार पावसात मोडते आणि ठरलेल्या क्रमावर विसंबणाऱ्या मुलाला तो बदल धावण्यापेक्षाही अधिक त्रास देतो. पंधरा-वीस मीटरचा मोकळा वऱ्हांडा पुरतो. तोही नसेल, तर वर्गाच्या मागच्या बाजूला जागच्या जागी धावणे, दोरीउड्या किंवा छोटा ट्रॅम्पोलिन चालतो. ऑक्टोबरमध्ये मैदान कोरडे झाले, की आठ दिवस आधीपासून मैदानाचे छायाचित्र दाखवून बदल करावा.

आता धावायला शिकवायचे कसे, हे जवळून पाहू. समजा, दुसरीत शिकणारा एक मुलगा आहे, मोजकेच शब्द बोलणारा. त्याला "धाव" म्हटले तर तो दोन पावले जाऊन थांबतो, कारण कुठवर आणि किती वेळ, हे त्या शब्दात नाही. वऱ्हांड्याच्या एका टोकाला टोपलीत पाच प्लॅस्टिकच्या रिंगा ठेवाव्यात, दुसऱ्या टोकाला रिकामी टोपली. एक रिंग उचलायची, धावत जायचे, रिकाम्या टोपलीत टाकायची, परत यायचे. टोपलीत किती रिंगा उरल्या, हे त्याला दिसते. शेवटची रिंग पडली की काम संपले, हेही दिसते. पहिले काही दिवस मोठ्या माणसाने सोबत धावावे. काही मुलांना हात धरलेला सोसत नाही, अशा वेळी रिंगेची एक कड मुलाने आणि दुसरी कड मोठ्याने धरली, तर स्पर्शाशिवाय दिशा देता येते. भिंतीवर दोन चित्रे लावावीत : आधी धावणे, मग गणित. पाच रिंगांच्या दहा, दहाच्या पंधरा अशा सावकाश वाढवत दहा ते पंधरा मिनिटांच्या सलग हालचालीपर्यंत पोहोचायला महिनाही लागू शकतो आणि त्यात काही वावगे नाही. अनेक स्वमग्न मुलांचे स्नायू सैल असतात, तोल आणि समन्वय कच्चा असतो, काही मुले टाचा न टेकता चालतात. त्यांना धावणे हे अंगमेहनतीइतकेच मेंदूचेही काम असते.

पुरेसा जोर लागला की नाही, हे कळण्यासाठी "बोलता येते का पाहा" ही नेहमीची कसोटी न बोलणाऱ्या मुलाला लावता येत नाही. श्वास जलद झाला आहे का, गाल तापले आहेत का, मानेवर घाम आला आहे का, हे पाहावे. धावून झाल्यावर थेट बाकावर बसवू नये. दोन मिनिटे सावकाश चालणे, तळहातांनी भिंत ढकलणे, पाणी पिणे, आणि मग वर्ग, असा पाच मिनिटांचा उतार ठेवला तर मूल वर्गात शिरताना उधळलेले नसते.

आपले देशी खेळ वापरावेत का, असे पालक विचारतात. सूर्यनमस्कार मला अनेक मुलांसाठी योग्य वाटतात, कारण बारा स्थितींचा क्रम कधी बदलत नाही आणि क्रम पक्का असणे या मुलांना मानवते. मात्र ते सावकाश घातले तर दम लागत नाही, हे लक्षात ठेवून वेग हळूहळू वाढवावा लागतो. लंगडीला एका पायावरचा तोल लागतो, खो-खोमध्ये क्षणात दुसऱ्याचा इरादा ओळखावा लागतो. म्हणून हे खेळ नंतरच्या टप्प्यावर, दोन-तीन समजूतदार सवंगड्यांसह आणावेत. लेझीम तालाची असली, तरी तिचा झणझणाट काही मुलांना असह्य होतो. आधी एकच लेझीम दुरून ऐकवून पाहावी.

काळजी घेण्याच्या जागा

आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीराची उष्णता सहज बाहेर पडत नाही. त्यात अनेक स्वमग्न मुलांना तहान, उष्णता किंवा वेदना जाणवली, तरी ती ओळखून सांगता येत नाही. म्हणून "तहान लागली का?" असे न विचारता ठरलेल्या वेळी पाणी द्यावे आणि ऑक्टोबरमध्ये व मार्चपासून पुढे उन्हातले धावणे टाळावे. स्वमग्न मुलांत फिट येण्याचे, म्हणजे अपस्माराचे, प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते. त्यासाठी दिली जाणारी टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही औषधे घाम कमी करतात, त्यामुळे ती घेणाऱ्या मुलाला उष्माघाताचा धोका अधिक असतो. चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनने वजन वाढू शकते आणि सुस्ती येऊ शकते. अशी कोणतीही गोळी सुरू असेल, फिट किंवा दमा असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे आणि ते काय म्हणाले हे शाळेला लेखी कळवावे.

सुट्टीच्या दिवशी पालक मुलांना नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर, खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये किंवा ठाण्याच्या उपवन तलावाकाठी नेतात आणि सकाळच्या कमी गर्दीत या जागा खरोखर चांगल्या आहेत. पण पाण्याचे भान सुटू देऊ नये. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत चार वर्षांवरील स्वमग्न मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी कधी ना कधी सुरक्षित जागेतून निसटून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले, आणि अशा मुलांना बुडण्याचा धोका मोठा असतो. पाणी अनेक मुलांना ओढून घेते. ठाणे तर तलावांचेच शहर आहे. तलावाकाठी धावताना मोठ्या माणसाने मूल आणि पाणी यांच्या मधोमध राहावे, आणि जमेल तितक्या लवकर मुलाला पोहायला शिकवावे.

आपल्या मुलाला उपयोग होतो का, हे कसे कळणार

अभ्यासांतील सरासरी आपल्या मुलाला लागू पडेलच असे नाही. काही मुले धावल्यावर अधिक उत्तेजित होतात आणि त्यांना भिंत ढकलणे, वजनाची पिशवी उचलून नेणे अशी संथ पण जोराची कामे अधिक मानवतात. म्हणून मोजून पाहावे. आधी एक आठवडा काहीही न बदलता, अवघड तासातील पहिली वीस मिनिटे निवडून दोनच गोष्टी टिपाव्यात : मूल किती वेळा जागेवरून उठले आणि त्याने किती गणिते किंवा ओळी पूर्ण केल्या. मग दोन-तीन आठवडे धावणे सुरू ठेवून त्याच गोष्टी टिपाव्यात. एक दिवसाआड धावून तुलना करणे शास्त्राच्या दृष्टीने अधिक चोख असते, पण क्रम बदलला की कोलमडणाऱ्या मुलावर तो प्रयोग करू नये. नोंद शक्यतो धावायला नेणाऱ्या व्यक्तीने न करता दुसऱ्याने करावी. चार आठवड्यांत काहीच हलले नाही, तर वेळ, जोर किंवा प्रकार बदलावा. तरीही वर्गात फरक पडला नाही, तर व्यायाम बंद करण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, दिव्यांग मुलांसह, रोज सरासरी ६० मिनिटांच्या मध्यम ते जोरकस हालचालीची शिफारस केली आहे. ती या मुलांच्या हृदयासाठी, हाडांसाठी आणि आनंदासाठी आहे.

शाळेशी बोलताना

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, त्यांत स्वमग्नता येते. याच कायद्याच्या कलम १६ नुसार शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबरच खेळाच्या व करमणुकीच्या संधीही इतरांच्या बरोबरीने मिळतील असे पाहावे, अशी तरतूद करण्यात आली आहे. म्हणजे पी.टी.चा तास ही मुलावर केलेली मेहेरबानी नाही. नवी मुंबई महानगरपालिकेचे वाशी येथील ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचे काम करते. शाळेतील विशेष शिक्षक आणि मुलाची ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) पाहणारे थेरपिस्ट यांना सोबत घेतले, तर वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात पुढील मजकूर घालणे कठीण नाही : "विद्यार्थ्यास दररोज पहिल्या तासापूर्वी व मधल्या सुट्टीच्या अखेरीस प्रत्येकी पंधरा मिनिटे, मोठ्या व्यक्तीच्या सोबतीने, धावण्याची किंवा तत्सम हालचालीची संधी देण्यात यावी. वर्गातील वागणूक अथवा अपूर्ण काम या कारणास्तव ही वेळ तसेच शारीरिक शिक्षणाचा तास कमी करण्यात येऊ नये." मुख्याध्यापकांना अर्ज देताना तो दोन प्रतींत द्यावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी, आणि त्याच दिवशी वर्गशिक्षिकांना स्वतः भेटून टोपल्या आणि रिंगा कशा वापरायच्या हे दाखवून यावे.